पॅरोलवर असताना पुन्हा घरफोडी: शिक्षा जास्त वाटते तेव्हा अपिलात काय मांडावे

परभणी जिल्ह्यातील एका ताईंनी आपल्या धाकट्या भावाविषयी विचारले आहे. भावाला २०२२ मध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम ४५७ आणि ३८० खाली, म्हणजे रात्रीची घरफोडी आणि घरातील चोरी यासाठी, पाच वर्षांची सक्तमजुरी झाली आणि तो हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात होता. डिसेंबर २०२४ मध्ये आईच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला पॅरोल, म्हणजे अभिवचन रजा मिळाली. मुदत संपल्यावर तो हजर झाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याने शेजारच्या गावातील ऊसतोडीला गेलेल्या एका कुटुंबाचे बंद घर रात्री फोडले, रोकड आणि दागिने नेले आणि काही दिवसांतच तो पकडला गेला. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी गेल्या पंधरवड्यात, दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१(४) खाली सात वर्षे आणि कलम ३०५ खाली पाच वर्षे सक्तमजुरी दिली. प्रत्येक कलमाखाली दहा हजार रुपये दंड असून तो न भरल्यास सहा-सहा महिने कैद आहे. या दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या आहेत, परंतु त्या जुन्या शिक्षेचे उरलेले चौदा महिने संपल्यावर सुरू होतील, असा आदेश आहे. ताई विचारतात की ही शिक्षा फार कडक नाही का, आणि कबुली दिल्यावर अपील करता येते का.

ताई, अपील करता येते आणि ते करावे, असे माझे मत आहे. मात्र ‘शिक्षा फार झाली, दया करा’ एवढ्यावर ते उभे राहणार नाही. पॅरोलवर असताना केलेला गुन्हा हे शिक्षा वाढवण्याचे योग्य कारण आहे, हे आधी मान्य करावे लागेल. ते मान्य करून, हे कारण एकाच वेळी अनेक ठिकाणी मोजले गेले आहे का, हा प्रश्न अपिलात विचारायचा आहे. आपण निकालपत्राचा जो भाग पाठवला आहे तो वाचून मला वाटते की तसे झाले आहे.

प्रथम अपिलाचा हक्क. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४१६ नुसार, आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्यावरून तो दोषी ठरला, तर दोषसिद्धीविरुद्ध अपील चालत नाही. परंतु त्याच कलमात अपवाद आहे: दंडाधिकारी किंवा सत्र न्यायालयाने दिलेली शिक्षा किती असावी आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरते अपील चालते. आपला प्रश्न नेमका तेवढाच आहे, त्यामुळे कबुली आपल्या आड येत नाही. हे अपील उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात नव्हे, तर आपल्या जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात दाखल होईल. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असेल तरच कलम ४१५ प्रमाणे ते थेट उच्च न्यायालयात जाते; बरोबर सात वर्षे म्हणजे जास्त नव्हे. गावाकडची मंडळी घाईने हर्सूलच्या फेऱ्यांबरोबर खंडपीठाच्याही फेऱ्या सुरू करतात आणि त्यात मुदतीतले मोलाचे दिवस जातात, म्हणून हे आधीच सांगितले.

मुदत तीस दिवसांची आहे. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेला काळ त्यातून वगळला जातो, आणि उशीर झालाच तर त्याची कारणे दाखवून माफीचा अर्ज करता येतो. तरीही उशिराच्या आधारावर बसू नये. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि विनामूल्य द्यावी, असे कलम ४०४ सांगते. अशी प्रत वेळेवर हातात न पडल्याने अपिलाचा हक्क कसा वाया जातो, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात घेतली होती आणि निकालाची प्रत व अपिलासाठी मोफत वकील हा कैद्याचा हक्क असल्याचे म्हटले होते. भावाला प्रत मिळाली नसेल तर कारागृह अधीक्षकांकडे लेखी मागणी करावी. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी धावपळ करण्याचे कारण नाही. काहीच जमले नाही तर कलम ४२४ प्रमाणे भाऊ स्वतः कारागृहाच्या प्रमुखांमार्फत अपील पाठवू शकतो. कारागृहातून गेलेले अपीलही रीतसर अपीलच असते. तरीही वकिलाने तयार केलेले अपील बरे, कारण मुद्दे सुरुवातीपासून नीट मांडलेले असतात.

आपण पत्रात एक भीती व्यक्त केली आहे: अपील केले आणि शिक्षा वाढली तर? ही भीती मी अनेक कुटुंबांत पाहिली आहे, आणि तिच्यापायी लोक हक्काचे अपील सोडून देतात. आरोपीच्या अपिलात न्यायालय शिक्षेचे स्वरूप किंवा प्रमाण बदलू शकते, पण ती वाढवू शकत नाही, असे कलम ४२७ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. शिक्षा वाढवून हवी असेल तर शासनाला कलम ४१८ खाली स्वतंत्र अपील करावे लागते आणि त्यात आरोपीला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. आरोपीच्या अपिलात उच्च न्यायालयानेही आपले पुनरीक्षणाचे, म्हणजे खालच्या न्यायालयाचा निकाल तपासण्याचे, अधिकार वापरून शिक्षा वाढवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले आहे. तेव्हा आपण अपील केले म्हणून शिक्षा वाढणार नाही.

आता मूळ विषय. सत्र न्यायाधीश कागद हातात घेतील तेव्हा त्यांना प्रथम काय दिसेल, हे आपण प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. आईच्या आजारासाठी मिळालेली रजा, मुदत संपूनही न परतणे, आणि त्याच काळात पहिल्यासारखाच गुन्हा. त्यातही घर कोणाचे, तर दिवाळीनंतर मुलाबाळांसह कारखान्याच्या फडावर गेलेल्या ऊसतोड मजुरांचे. आपल्याकडे बीड, परभणी, जालना या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत त्या महिन्यांत घरांना कुलपे असतात आणि मागे एखादी म्हातारी राहते, तीही नसते कधी. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून उरलेले चार पैसे आणि लग्नातला एखादा दागिना हीच त्या घराची पुंजी असते. ती गेली तर पुढचे दोन हंगाम त्या कुटुंबाची मान वर निघत नाही. न्यायाधीश हे जाणतात. आपल्या वकिलांनी ‘घरात कोणी नव्हते, माल किरकोळ होता’ एवढेच म्हटले तर ते कानाला लागेल आणि उरलेल्या युक्तिवादाचे वजनही घटेल. घरात कोणी नव्हते, कोणाला धक्का लागला नाही, हत्यार नव्हते, टोळी नव्हती, हे मुद्दे जरूर मांडावेत. पण त्या कुटुंबाच्या नुकसानीची कबुली देऊन. जप्त मुद्देमाल त्यांना परत मिळाला आहे का, नसल्यास त्यासाठी आपण संमती दिली आहे का, आणि न सापडलेल्या रकमेची काही भरपाई कुटुंब देऊ शकते का, हे अपील सुनावणीला येण्याआधी पाहावे. हा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही, तेव्हा तडजोडीने खटला संपणार नाही. मात्र भरपाईचा परिणाम शिक्षेच्या विचारावर होतो. फिर्यादी कुटुंबाकडे जायचे ते वकिलांना विचारून आणि गावातील जाणत्या माणसांसमक्ष जावे, एकट्याने नव्हे. दबाव आणला असा आरोप झाला तर आणखी एक गुन्हा अंगावर येईल.

एवढे मान्य केल्यावर आपला खरा युक्तिवाद सुरू होतो. पॅरोल मोडल्याची किंमत भावाने आधीच कुठे कुठे मोजली आहे आणि पुढे कुठे मोजणार आहे, ते एकामागून एक मांडा. बाहेर असलेला काळ त्याच्या जुन्या शिक्षेत धरला जाणार नाही. वेळेवर हजर न झाल्याबद्दल कारागृहाच्या शिस्तीखाली त्याची शिक्षामाफी कापली गेली असेल किंवा जाईल. पुढच्या रजांची आणि पैठणसारख्या खुल्या कारागृहात जाण्याची वाट त्याच्यासाठी फार काळ बंद झाली. मुदतीनंतर न परतल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २६२ खाली, म्हणजे जुन्या कलम २२४ खाली, स्वतंत्र गुन्हा दाखल झाल्याचे आपण लिहिले आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि ती मूळ शिक्षेशिवाय जादा असते. नवी शिक्षा जुनी संपल्यानंतर सुरू होईल, असेही ठरले. आणि या सगळ्यावर, घरफोडीची शिक्षा ठरवताना न्यायालयाने पुन्हा तेच कारण देऊन आपल्या अधिकारातील कमाल मर्यादा गाठली.

ही कमाल मर्यादा नीट समजून घ्या, कारण सरकारी वकील नेमके याच ठिकाणी उत्तर देतील. कलम ३३१(४) मध्ये रात्रीच्या घरफोडीचा हेतू चोरीचा असेल तर चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा ‘सात म्हणजे निम्मीच’ असे ते म्हणतील. परंतु मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ प्रमाणे सात वर्षांपर्यंतच कैद देता येते. त्यांनी स्वतःच्या अधिकारातील शेवटचा दिवससुद्धा सोडलेला नाही. कबुलीमुळे खटल्याचा वेळ वाचला, साक्षीदारांना फेऱ्या पडल्या नाहीत, माल बऱ्याच अंशी जप्त झाला, यातल्या एकाही गोष्टीचे वजन शिक्षेत दिसत नाही. आपल्या कायद्यात कबुलीला ठरावीक सूट नाही, हे खरे. तरीही कबूल करणाऱ्याला आणि शेवटपर्यंत नाकारून दोषी ठरलेल्याला सारखीच कमाल शिक्षा का, याचे कारण निकालपत्रात असायला हवे. ते तिथे नाही. शिक्षेच्या मुद्द्यावर एकच परिच्छेद आहे. त्यात ‘आरोपी सराईत असून त्याने शासनाच्या सवलतीचा गैरफायदा घेतला, त्यामुळे दया दाखवणे योग्य होणार नाही’ एवढे लिहिले आहे. आईचे आजारपण, भावाचे वय, जुन्या शिक्षेतील वर्तन, कबुली, जप्त झालेला माल यांचा उल्लेखही नाही. शिक्षा ठरवताना गुन्हेगाराकडे माणूस म्हणून पाहावे, त्याच्या सुधारण्याची शक्यता तपासावी, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ च्या निकालात विस्ताराने सांगितले आहे. प्रमाणबद्ध शिक्षा हे तत्त्व त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा मांडले आहे. अपिलात या परिच्छेदावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे मी आपल्या वकिलांना सुचवेन. त्यातील प्रत्येक शब्द वाचावा आणि त्यात काय नाही ते दाखवावे.

शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीला ऐकून घेणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७१(२) प्रमाणे आवश्यक आहे. कबुली आणि शिक्षा एकाच दिवशी झाली असेल, तर त्या दिवशीच्या रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, काय लिहिले आहे, ते नक्कल काढून पाहा. ‘आरोपीस शिक्षेबाबत विचारले, त्याने दया मागितली’ एवढीच ओळ असेल, तर कागद आणण्यासाठी, आईची वैद्यकीय कागदपत्रे दाखल करण्यासाठी त्याला वेळच दिला नाही, असे म्हणता येते. हा मुद्दा एकट्याने शिक्षा रद्द करत नाही, परंतु अपिलात नवे कागद दाखल करण्याचे दार त्याने उघडते.

‘सराईत’ या शब्दाचे काय करायचे? आपण पाठवलेल्या दोषारोपपत्रात पोलिसांनी भावाच्या नावावर चार गुन्ह्यांची यादी दिली आहे. त्यातला एक सिद्ध झालेला, एकात तो निर्दोष सुटला आणि दोन अजून प्रलंबित आहेत, असे आपण म्हणता. प्रलंबित खटला म्हणजे पूर्वीची दोषसिद्धी नव्हे, आणि निर्दोष सुटलेला खटला तर अजिबात नव्हे. पूर्वीची दोषसिद्धी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३४ मध्ये सांगितल्याप्रमाणे, म्हणजे त्या न्यायालयाच्या प्रमाणित उताऱ्याने किंवा कारागृह अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राने किंवा शिक्षेच्या वॉरंटाने, आणि तो इसम हाच आहे याच्या पुराव्याने सिद्ध करायची असते. पोलिसांची यादी हा त्याला पर्याय नाही. २०२२ ची शिक्षा आपण नाकारू शकत नाही आणि नाकारू नये, पण न्यायालयाने एका दोषसिद्धीऐवजी चार गुन्ह्यांच्या सावलीत शिक्षा ठरवली असेल, तर ती कमी करण्याचे ते सबळ कारण आहे.

याला जोडून आणखी एक तपासणी करावी. मालमत्तेच्या गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेल्यास वाढीव शिक्षा देणारे भारतीय न्याय संहितेचे कलम १३ (जुने कलम ७५) निकालात किंवा दोषारोपात वापरले आहे का, ते पाहा. वापरले असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३४(७) प्रमाणे पूर्वीच्या दोषसिद्धीची बाब, तारीख आणि ठिकाण दोषारोपात लिहिलेले हवे. शिवाय कलम १३ मध्ये ‘या संहितेच्या’ प्रकरणांखालील दोषसिद्धी असे शब्द आहेत, आणि भावाची जुनी दोषसिद्धी दंड संहितेखालची आहे. त्यावर युक्तिवाद करता येतो. मला दिसणाऱ्या कागदांत हे कलम नाही, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

आता शिक्षा एकापाठोपाठ भोगण्याचा प्रश्न. आपल्या पत्रात सगळ्यात जास्त रोष याच आदेशावर आहे, परंतु माझ्या मते आपली बाजू इथे सर्वांत कमकुवत आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४६७, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४२७, सांगते की आधीची शिक्षा भोगत असलेल्याला दुसऱ्या खटल्यात शिक्षा झाली तर ती पहिली संपल्यावर सुरू होते. दोन्ही एकत्र चालाव्यात असे न्यायालयाने मुद्दाम म्हटले तरच त्या एकत्र चालतात. म्हणजे न्यायालयाने काही जादा केलेले नाही, कायद्याचा साधा नियम लागू केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की हा अधिकार मुख्यतः एकाच व्यवहारातून निघालेल्या गुन्ह्यांसाठी वापरावा. २०२२ पूर्वीची घरफोडी आणि पॅरोलवरची घरफोडी यांना एकच व्यवहार कोणी म्हणणार नाही. आपल्याला कोणी उत्तर प्रदेशातील प्रकरणाचा दाखला देईल. तिथे वीज खात्याच्या साहित्याच्या चोरीच्या नऊ खटल्यांत प्रत्येकी दोन वर्षे, अशी एकूण अठरा वर्षे एकापाठोपाठ भोगण्याची वेळ आली होती आणि डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा एकत्र चालवल्या. तो दाखला जरूर वापरा, परंतु तिथे एका माणसावर अनेक छोट्या खटल्यांचा डोंगर झाला होता, इथे तसे नाही, हे लक्षात ठेवून.

म्हणून मी या मुद्द्याची मांडणी उलटी करेन. शिक्षा एकत्र चालवा, ही पहिली मागणी ठेवू नये. ‘शिक्षा एकापाठोपाठ चालणार हे मान्य आहे, परंतु तसे चालणार असल्यामुळेच नव्या शिक्षेचे प्रमाण कमी हवे, कारण एकूण आठ वर्षे दोन महिन्यांचा काळ, त्यात कलम २६२ च्या खटल्याची भर, हे या गुन्ह्याच्या मानाने फार होते,’ असे म्हणावे. एकत्र चालवण्याची मागणी पर्यायी म्हणून शेवटी असावी. न्यायाधीशांना एखादी गोष्ट देण्यासारखी वाटली पाहिजे. पॅरोल मोडणाऱ्याला नव्या गुन्ह्यासाठी एकही जादा दिवस भोगावा लागू नये, ही मागणी कोणालाही पटत नाही. सात वर्षांची चार किंवा साडेचार वर्षे करावीत, ही मागणी पटू शकते.

कोठडीतल्या काळाच्या वजावटीचाही हिशेब करावा. जानेवारी २०२५ पासून निकालापर्यंत भाऊ एकाच वेळी जुनी शिक्षा भोगत होता आणि नव्या खटल्यात कच्चा कैदीही होता. कलम ४६८ प्रमाणे हा काळ नव्या शिक्षेतून वजा व्हावा का, यावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल एका दिशेचे नाहीत. २००१ मध्ये महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात बहुमताने वजावट मान्य झाली, पुढे आणखी एका निकालात असा काळ दोनदा मोजता येणार नाही असे म्हटले गेले. मुद्दा मांडायला हरकत नाही, परंतु त्यासाठी नव्या गुन्ह्यात रीतसर अटक कोणत्या तारखेला दाखवली आणि न्यायालयीन कोठडी केव्हापासून आहे, हे कागदावर दिसले पाहिजे. जुन्या शिक्षेसाठी कारागृहात नेऊन नंतर प्रॉडक्शन वॉरंटवर, म्हणजे कैद्याला हजर करण्याच्या न्यायालयाच्या आदेशावर, आणले असेल, तर ती तारीख महिनोन्‌महिने पुढे गेलेली असते आणि कुटुंबाला त्याची कल्पनाही नसते.

कबुली मागे घ्यावी का, असेही आपण विचारले आहे, कारण कोर्टाच्या आवारात कोणीतरी ‘कबूल कर, दोन-तीन वर्षांत सुटशील’ असे भावाला सांगितल्याचे तो म्हणतो. कमी शिक्षेचे आश्वासन देऊन कबुली घेणे आणि मग जड शिक्षा देणे अन्याय्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. शिवाय सौदाशिक्षेची, म्हणजे गुन्हा कबूल करून ठरवून कमी शिक्षा घेण्याची, कायदेशीर तरतूद सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला लागूच नाही, तेव्हा तसे आश्वासन कोणी दिले असेल तर त्याला काही आधार नव्हता. तरीही मी आपल्याला या वाटेने जाऊ नका, असे सांगेन. कबुली रद्द झाली तर खटला पुन्हा चालेल. माल भावाच्या सांगण्यावरून काढून दिला असल्याने पुरावा भक्कम आहे. आणि आज जो कबुलीचा मुद्दा शिक्षा कमी करण्यासाठी हाताशी आहे तो हातचा जाईल. भावाला त्या दिवशी वकीलच दिलेला नव्हता असे रोजनाम्यात दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. मग तो मुद्दा शिक्षेच्या बरोबरीने ठामपणे घ्यावा लागेल.

जमवायचे कागद थोडके आहेत. जुन्या आणि नव्या निकालांच्या प्रमाणित प्रती, रोजनामा, कारागृहाचा नॉमिनल रोल (कैद्याच्या शिक्षेचा आणि रजांचा नोंदपत्रक), त्यात आधीच्या रजांवरून तो वेळेवर परतल्याच्या नोंदी असतील तर त्या, कारागृहातील कामाचे आणि वर्तनाचे दाखले, आणि आईच्या शस्त्रक्रियेची तारखांसह कागदपत्रे. आईची शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेल्याने तो थांबला असे आपण म्हणता. ते रुग्णालयाच्या कागदात दिसत असेल तर न परतण्याचे ते काहीसे स्पष्टीकरण आहे. घरफोडीचे नाही. या दोन गोष्टी वकिलांनी युक्तिवादात कधीही मिसळू नयेत, कारण आईचे आजारपण चोरीची सबब म्हणून वापरले जाते आहे असे एकदा न्यायालयाला वाटले की तो कागद आपल्यावरच उलटतो.

अपील चालू असताना शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळावा म्हणून कलम ४३० खाली अर्ज करता येतो, पण त्यात पैसा आणि आशा गुंतवू नका. जुन्या शिक्षेमुळे तो तसाही आतच राहणार आहे, आणि पॅरोल मोडलेल्याला जामीन देण्यास कोणतेही न्यायालय सहज तयार होत नाही. त्याऐवजी अपील लवकर सुनावणीस घ्यावे, असा अर्ज द्यावा. आरोपी कैदेत आहे हे कारण त्याला पुरते.

सत्र न्यायालयाने काहीच कमी केले नाही, तर नव्वद दिवसांत खंडपीठात पुनरीक्षण अर्ज करता येतो. तिथे पुरावा नव्याने तोलला जात नाही. शिक्षा ठरवताना कायद्याची चूक झाली का, ढळढळीत अन्याय झाला का, एवढेच पाहिले जाते. म्हणून पूर्वीच्या दोषसिद्धीचा पुरावा, कारणांचा अभाव आणि एकच कारण अनेकदा मोजणे हे तिन्ही मुद्दे सत्र न्यायालयापुढच्या अपिलातच स्वच्छ शब्दांत लिहिलेले असले पाहिजेत. तिथे न घेतलेला मुद्दा वर पहिल्यांदा काढला की त्याचे वजन निम्मे होते.

दंडाची रक्कम मात्र अपिलाच्या निकालाची वाट न पाहता जुळवायला लागा. दोन्ही मिळून वीस हजार रुपये होतात. ते न भरल्यास होणारी सहा-सहा महिन्यांची कैद मुख्य शिक्षेत किंवा एकमेकींत मिसळत नाही, ती वेगळीच भोगावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे सात वर्षांची पाच झाली तरी दंड थकला तर त्यातले एक वर्ष परत येईल. दंड कमी करण्याची मागणी अपिलात करावी, आणि तोवर जेवढी रक्कम जमेल तेवढी न्यायालयात भरून पावती वकिलांकडे द्यावी, कारण काही भाग भरला तर त्या प्रमाणात ही कैदही कमी होते.